ओढा अजूनही पूर्वेलाच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हद्दवाढीला लोकांचा पाठिंबा असल्याचे सांगणारा आपला कालचा अग्रलेख वाचला. हा पाठिंबा मोजला कसा, ते मात्र त्यात कुठेच सापडले नाही. कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात 2002 साली सक्तीने एकत्र केलेल्या पालिकांच्या मतदारांना 2004 मध्ये मतपेटीतून विचारण्यात आले, आणि तेव्हा नुसते बहुमत पुरेसे न मानता एकूण नोंदणीकृत मतदारांपैकी किमान 35 टक्के मते वेगळे होण्याच्या बाजूने पडली पाहिजेत, अशी अट होती. त्यातून 15 पालिका 2006 मध्ये पुन्हा स्वतंत्र झाल्या. आपल्याकडे हरकती व सूचना मागवतात.

अशी एक हरकत मीही नोंदवली होती. आमचे गाव महापालिकेत घेण्याच्या प्रारूप अधिसूचनेतील चतुःसीमेत गावाच्या पश्चिमेचा ओढा पूर्वेला दाखवला होता. सुनावणीला सकाळी अकराला बोलावून साडेतीनला आत घेतले, तेव्हा टेबलावरच्या हरकतींच्या गठ्ठ्याची दोरी सोडलेलीही नव्हती. 'थोडक्यात सांगा,' असे साहेब म्हणाल्यामुळे मी हद्दवाढीचा विषय न काढता फक्त ओढ्याचे सांगितले, त्यांनी मान डोलावली, मी नोंदवहीत सही केली आणि बाहेर आलो. अंतिम अधिसूचनेत ओढा पूर्वेलाच आहे. मी तो लहानपणापासून ओलांडत आलो आहे. सूर्यच चुकीच्या बाजूने उगवत असेल तर कल्पना नाही.

कल्याण-डोंबिवलीतील 27 गावे 1983 मध्ये आत, 2002 मध्ये बाहेर आणि 2015 मध्ये पुन्हा आत आली. 2020 मध्ये त्यांतील 18 वगळण्याचा निर्णय उच्च न्यायालयाने रद्द केला. पुण्यालगतची फुरसुंगी व उरुळी देवाची ही गावे 2017 मध्ये महापालिकेत गेली आणि 2024 मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. या प्रत्येक वेळी लोकांचा पाठिंबा होताच, असे आपले म्हणणे असेल तर लोकच मोठे चंचल म्हणायचे.

आणखी एक. याच विषयावरचे माझे गेल्या महिन्यातील पत्र आपण छापलेत, त्याबद्दल आभारी आहे. परंतु 'पाणी आणि रस्ते मिळणार असतील तर आमचा विरोध नाही, मात्र आधी ग्रामसभेत गुप्त मतदान घ्यावे' या वाक्यातील 'मात्र'पासून पुढचा भाग बहुधा जागेअभावी गाळला गेला, आणि काल अग्रलेखात वाचकांचाही विरोध नसल्याचे वाचायला मिळाले. ते वाचक म्हणजे मीच असावा, अशी मला शंका आहे. हे पत्र छापायचे झाल्यास कृपया पूर्ण छापावे, अन्यथा परत पाठवावे. तिकीट लावलेले पाकीट सोबत जोडले आहे.

आपला,
एक नियमित वाचक