खांद्यावरची राखाडी पट्टी

नाशिक

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

सिव्हिल एअर पेट्रोलमध्ये, म्हणजे अमेरिकन हवाई दलाच्या सहायक नागरी संस्थेत, तुला सेकंड लेफ्टनंटचा दर्जा मिळाल्याचे वाचून आईने गल्लीत पेढे वाटले. मी आधी फोटोत तुझ्या बुटांना पॉलिश आहे का, ते पाहिले. आहे. सॅल्यूट करताना तुझा तळहात मात्र समोरच्याला दिसतो आहे. हा दोष माझा. लहानपणी मी तुला आमच्या काळचा, उघड्या पंजाचा सॅल्यूट शिकवला होता. २००६ पासून आपल्या हवाई दलानेही तो बदलला, आणि अमेरिकेत तर तळहात अजिबात दिसता कामा नये.

तळावर अमेरिकन हवाई दलाचा एक सार्जंट सॅल्यूट न करता शेजारून निघून गेला, याचे तुला वाईट वाटले. त्याचे काहीही चुकलेले नाही. मी स्वतः सार्जंट म्हणून निवृत्त झालो आणि माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असलेल्या फ्लाइंग ऑफिसरांना रोज कडक सॅल्यूट केला. तो त्या पोराला नव्हता, त्याला राष्ट्रपतींकडून मिळालेल्या कमिशनला, म्हणजे अधिकारपदाच्या नेमणुकीला होता. तुझ्या दर्जामागे कमिशन नाही, म्हणून तिथल्या सैनिकांवर तुला सॅल्यूट करण्याचे बंधन नाही. एखाद्याने केला, तर तो त्याचा चांगुलपणा समजून तितक्याच नीटपणे परत करावा. तू मात्र लष्करी अधिकारी दिसताच आपणहून सॅल्यूट कर, आणि त्यात कमीपणा मानू नकोस.

हा फरक तुमच्या खांद्यावर पहिल्यापासून लिहिलेला आहे. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याच्या आधी जेमतेम आठवडाभर, १ डिसेंबर १९४१ रोजी, तुमची संस्था स्थापन झाली. मार्च १९४२ पासून ऑगस्ट १९४३ पर्यंत तिच्या नागरी वैमानिकांनी आपली छोटी विमाने घेऊन किनाऱ्यालगत जर्मन पाणबुड्या शोधल्या आणि त्या गस्तीत २६ जणांनी प्राण गमावले. गणवेश लष्करासारखा असला, तरी हे लष्कर नव्हे हे कळावे म्हणून तेव्हा त्यांच्या खांद्यावर लाल पट्ट्या होत्या. १९४८ मध्ये कायद्याने ही संस्था हवाई दलाची सहायक झाली. पुढे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला काही वर्षे खांद्यावर किरमिजी रंग आला, जो सदस्यांना मुळीच आवडला नाही, आणि त्यानंतर तुझ्या खांद्यावरचा हा राखाडी. रंग बदलत गेले तरी त्यांचे सांगणे एकच राहिले : गणवेश आमचा आहे, तो तुम्हाला विश्वासाने दिला आहे, पण तुम्ही आम्ही नव्हे. त्या दर्जाला पगार नाही, उलट वर्गणी तुम्हीच भरता. म्हणून तर मला त्याचे कौतुक अधिक वाटते.

आता दुसरा प्रसंग, जो तू हसण्यावारी नेलास. वाहनतळावर बारा वर्षांच्या एका कॅडेटने तुला सॅल्यूट केला. तुझ्या उजव्या हातात कॉफीचा कप होता, म्हणून तू लाजून नुसती मान हलवलीस, आणि तू दार ओलांडेपर्यंत तो पोरगा भुवईला हात लावून तसाच उभा राहिला. तो गोंधळला नव्हता. वरिष्ठाने सॅल्यूट परत केल्याखेरीज हात खाली आणायचा नाही, एवढेच त्याला शिकवले आहे आणि ते त्याने तंतोतंत पाळले. सार्जंटकडून तुझे काही येणे नव्हते. या मुलाचे मात्र तू देणे लागतेस.

गणवेशात असताना सामान डाव्या हातात धरण्याची सवय कर. आम्हाला ती पहिल्याच आठवड्यात लावली होती, आणि अजूनही मी भाजीची पिशवी डाव्याच हातात घेतो, याची आई थट्टा करते. घाईत असलीस, तरी पावले थोडी आवर, त्याच्या डोळ्यांकडे पाहा आणि पूर्ण हात वर ने. विमानांच्या धावपट्टीलगतच्या जागेत सहसा टोपीही नसते आणि सॅल्यूटही नसतो, कारण उडालेली टोपी इंजिनात जाऊ शकते. तिथे नुसते ‘गुड इव्हिनिंग, कॅडेट’ पुरे.

त्या मुलाचे आडनाव गणवेशावर असेलच. पुढच्या साप्ताहिक सभेला ते वाच, त्याला आडनावाने हाक मार आणि त्या दिवशी चूक तुझी होती, असे त्याला सांग. तो काय म्हणाला, ते मला कळव.

तुझे,
बाबा