घोंगड्याची खोळ आणि नऊ अंशांचं पाणी

ग्लासगो,
रविवार, रात्री

चि. बाळू,
अनेक आशीर्वाद. आई-बाबांना आणि आजीला साष्टांग नमस्कार सांग.

व्हिसा झाल्याचा तुझा फोन आला तेव्हा मी कामावर होते, म्हणून धड बोलताही आलं नाही. पण दिवसभर तेच डोक्यात होतं. मे महिन्यात इथल्या समुद्रात माझ्यासोबत डुबकी मारायला येताना आणायच्या सामानाची तू पाठवलेली यादी आत्ता जेवणानंतर निवांत वाचली. सगळ्यात महाग हातमोजे, मग बूट, टॉर्च, सुरी. आणि शेवटच्या ओळीत, 'अंगात मालवणचा तीन मिलिमीटर जाडीचा रबरी सूट चालेल.' नाही चालणार, बाळू. फोनवर सांगितलं की तू 'हो हो' म्हणतोस आणि विसरतोस, म्हणून पत्र लिहितेय. आईसमोर मोठ्यानं वाच. 'पाण्यात डोक्याला काय घालतेस गे?' म्हणून ती दर खेपेला विचारते, तिलाही उत्तर मिळेल.

मालवणला तू उतरलास ते पाणी २७-२८ अंशांचं. इथं मे महिन्यात समुद्राचं पाणी ९-१० अंश असतं. आपल्याकडं मे म्हणजे वळवाची वाट बघायचे दिवस, त्यामुळं तुला वाटतं की इथंही तोवर ऊब आली असेल. वर ऊन असतंही. पण समुद्र फार सावकाश तापतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो सगळ्यात गार, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यातल्या त्यात उबदार. शिवाय हवेपेक्षा पाणी अंगातली ऊब सुमारे २५ पट वेगानं ओढून नेतं.

माझी पहिली डुबकी तुला कधी सांगितली नाही, कारण आई घाबरली असती. मार्च महिना, लॉख फाइन नावाची इथली समुद्राची खाडी, पाणी सात अंश. अंगात भाड्याचा सात मिलिमीटरचा सूट, डोक्यावर वेगळी टोपी, हातात नवे जाड मोजे. टोपीची मानेवरची झालर सूटच्या कॉलरच्या आत खोचायची असते, ती घाईत बाहेरच राहिली. मान वळवली की गार पाण्याची धार पाठीच्या कण्यावरून थेट कमरेपर्यंत. बाराव्या मिनिटाला तरंगायच्या जाकिटात हवा भरायचं बटण अंगठ्यानं दाबायला गेले तर अंगठा हलेना. बटण दिसत होतं, त्यावर टेकवलेला अंगठाही दिसत होता, पण दाबलं जातंय की नाही तेच कळत नव्हतं. शेवटी तळहातानं दाबलं, सोबतीणीला खूण केली आणि आम्ही वर आलो.

मोजे चांगले होते. गारठली होती ती पाठ आणि छाती. टाकीत पाणी कमी आलं की बाबा आधी परसातला नळ बंद करतात, स्वयंपाकघरातला नाही. शरीराचंही तसंच. धड गार पडायला लागलं की ते हातापायांकडं जाणारं रक्त आवळतं आणि काळीज, फुप्फुसं सांभाळतं. मग बोटांवर कितीही महाग मोजे चढव, आत ऊब येणार कुठून? म्हणून पैसे आधी धडावर आणि डोक्यावर घाल, उरले तर मोज्यांवर.

आता डोकं. आई म्हणते, निम्मी ऊब डोक्यातून जाते. इथंही पुष्कळ जण असंच म्हणतात, पण ते खरं नाही. डोकं म्हणजे अंगाच्या कातडीचा सात ते दहा टक्के भाग, आणि ऊबही साधारण त्याच हिशेबानं जाते. तरी टोपी हवीच, कारण बोटातल्या रक्तवाहिन्या थंडीत आवळतात तशा टाळूच्या आवळत नाहीत. अंग झाकलेलं आणि डोकं उघडं पाण्यात राहिलं, तर आतला गारवा अपेक्षेपेक्षा झपाट्यानं वाढतो. शिवाय कपाळात अशी कळ जाते की काही सुचत नाही. एका कानात गार पाणी आधी शिरलं, दुसऱ्यात मागून, तर चक्कर येते आणि वर कुठलं, खाली कुठलं तेच कळेनासं होतं. टोपीतून पाणी हळूहळू आणि जरा कोमट होऊन कानाशी पोचतं. मात्र टोपी कानाला अगदी चिकटून हवा अडली तर खाली जाताना कान दुखतो. म्हणून पाण्यात शिरल्या शिरल्या टोपीची कड ओढून कानाशी थोडं पाणी घ्यायचं.

घट्ट म्हणजे उबदार असं समजू नकोस. गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या दाबल्या गेल्या तर नाडी मंदावते, भोवळ येते. टोपी घालून मान दोन्हीकडं वळव, घोट गिळ. गळ्याशी टोपी आहे हे सारखं जाणवत राहिलं तर ती तुझी नाही.

मी तुझ्यासाठी जे निवडलंय ते कसं दिसतं सांगू? पावसात जांबोटीच्या वाटेवर धनगर मेंढरांमागं उभा असतो, डोक्यावरून पाठीवर घोंगड्याची खोळ. डोकं, मान, पाठ एकाच कापडाखाली, मध्ये फट नाही. अगदी तसं, टोपी जोडलेलं बिनबाह्यांचं पाच मिलिमीटरचं जाकीट. सूटच्या आत घालायचं. मानेतून धार शिरायला जागाच राहत नाही, धडावर दुहेरी थर येतो, आणि हात मोकळे राहतात. वरचा सात मिलिमीटरचा सूट इथं भाड्यानं मिळतो. टोपीचं जाकीट मात्र स्वतःच्या मापाचंच हवं.

या रबराला निओप्रीन म्हणतात. बर्कलीच्या ह्यू ब्रॅडनर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं १९५२ च्या सुमारास त्याचा सूट करायची कल्पना काढली. ऊब राखतात ते त्यातले बारीक बुडबुडे. विहिरीत पोहायला शिकताना बाबांनी तुझ्या पाठीला सुका भोपळा बांधला होता, तसे हे बुडबुडेही तुला वर उचलतात, म्हणून खाली जायला कमरेला बांधायचं शिसं मालवणपेक्षा बरंच जास्त लागेल. पण भोपळा दबत नाही, बुडबुडे दबतात. दहा मीटरवर दाब दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट. तिथं सात मिलिमीटर सात राहत नाही, ऊबही घटते आणि तरंगणंही. म्हणून आपण मे महिन्यात बारा मीटरच्या खाली जायचं नाही. हट्ट करू नकोस.

तुला स्कॉटलंडच्या उत्तरेला स्कापा फ्लो या उपसागरातली जर्मन जहाजं बघायची आहेत, माहीत आहे. २१ जून १९१९ ला जर्मन खलाशांनी आपल्याच ७४ पैकी ५२ नौका तिथं बुडवल्या, त्यातल्या काही अजून तळाशी आहेत. पण ती खोल आहेत आणि तिथं कोरडा सूट लागतो. तो शिकावा लागतो. त्याचं पातळ कापड फक्त पाणी अडवतं, ऊब आतल्या कपड्यांची. आजीला हे सांगितलं तर लगेच पटेल: आत सुती बनियन घातलं की घामानं ओलं होऊन अंगाला गार चिकटतं, लोकर ओली झाली तरी ऊब देते. घोंगडं का जपायचं ते तिला कुणी शिकवावं लागलं नाही. गडहिंग्लजच्या मावशीनं विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर मी आतून घालते. मावशीला कळव, तिला बरं वाटेल.

तर हातमोजे आणि सुरी यादीतून काढ. मोजे माझ्याकडं जादा आहेत. जागा उरली तर कुंदा आण, पण तो आदल्या दिवशी घे.

आणि मापं लगेच कळव. आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप घे. भुवयांच्या वरून डोक्याचा घेर, हनुवटीखालून टाळूवरून चेहऱ्याचा घेर, गळा, छाती, कंबर, आणि मानेच्या मणक्यापासून कमरेपर्यंत पाठीची लांबी. माप बाबांना घेऊ दे, स्वतःचं स्वतः घेऊ नकोस. श्वास सोडून नाही, नेहमीसारखा उभा राहून. सगळं सेंटिमीटरमध्ये लिही.

तुझी,
अक्का