पासबुक, बटाटे आणि ९ ऑगस्ट

संपादक महोदय,

मंडेला दिन जवळ आला की दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषी राजवटीवर मराठी वृत्तपत्रांत लेख येतात. ‘फक्त गोऱ्यांसाठी’ अशी पाटी लावलेला बाक, रॉबेन बेटावरची कोठडी आणि मग थेट १९९४ ची निवडणूक, असा त्यांचा ठरलेला क्रम असतो. ज्या पासबुकाने, म्हणजे शहरात राहण्या-काम करण्याच्या परवान्याच्या ओळखपुस्तिकेने (तिलाच ‘पास’ म्हणत), आफ्रिकी माणसांचे रोजचे जगणे जखडून ठेवले होते, ते मात्र एखाद्या वाक्यात उरकले जाते. म्हणून हे पत्र.

१९५२ च्या कायद्याने सोळा वर्षांवरील प्रत्येक आफ्रिकी पुरुषाला हे बुक सतत जवळ बाळगण्याची सक्ती झाली. त्यात फोटो, ओळख क्रमांक, कामगार कचेरीचे शिक्के, कर भरल्याची नोंद आणि मालकाची दर महिन्याची सही असे. सही करायला मालक विसरला तरी रस्त्यात अडकायचा तो नोकरच. बुक दुसऱ्या कोटाच्या खिशात राहिले, तर घरी जाऊन आणण्याची सवड नव्हती. पोलिसाने मागितले की तिथल्या तिथे दाखवायचे, नाहीतर गाडीत बसायचे. पासच्या खटल्यांसाठी वेगळी न्यायालये होती आणि तिथे एकेक खटला काही मिनिटांत निकाली निघे.

सर्वांत जाचक होते ते शहरी भागांच्या कायद्यातले ‘कलम १०’. परवानगीशिवाय शहरात ७२ तासांहून जास्त राहता येत नसे. कायम राहण्याचा हक्क मिळे तो त्याच शहरात जन्मून सलग तिथेच राहिलेल्याला, एकाच मालकाकडे सलग दहा वर्षे काम केलेल्याला किंवा पंधरा वर्षे सलग कायदेशीरपणे राहिलेल्याला. आता एका ठिकाणी नऊ वर्षे काढलेल्या कामगाराचा विचार करा. मालक शिवीगाळ करतो, पगार वाढवत नाही. पण नोकरी सोडली की दहा वर्षांचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे तोंड दाबून राबायचे. बायकोला शहरात आणायचे, तर आधी स्वतःचा हक्क सिद्ध व्हायला हवा. १९६८ नंतर तर बाहेरून येणाऱ्या मजुरांचे करार वर्षावर आणले. दर वर्षी गावी परत पाठवायचे, म्हणजे नोकरी ‘सलग’ ठरायलाच नको. मेहलोलो रिखोतो या कामगाराच्या खटल्यात १९८३ साली न्यायालयाने हा डाव मोडून काढला. वर्णद्वेष म्हणजे केवळ गोऱ्यांच्या मनातला तिरस्कार नव्हे. स्वस्त मजूर हाताशी ठेवण्याची ती काटेकोर व्यवस्था होती, हे या एका कलमावरून कळते.

पासवरून पकडलेल्यांचे पुढे काय होई, हेही लिहिले जात नाही. १९५० च्या दशकात अनेकांसमोर दोनच पर्याय ठेवले जात: खटला किंवा शेतावरची मजुरी. कोणत्या कागदावर अंगठा उठवला, हे पुष्कळांना शेतावर पोहोचल्यावरच कळे. ट्रान्सवाल प्रांताच्या पूर्वेकडील बेथल भागातील बटाट्याची शेते यासाठी कुप्रसिद्ध होती. अंगावर गोणपाट, हातांनी बटाटे उकरायचे, रात्री कोंडून घालायचे आणि वर मारहाण. हेन्री न्क्सुमालो या पत्रकाराने १९५२ साली ‘ड्रम’ मासिकातून हे उघड केले. १९५९ मध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने बटाट्यांवर बहिष्कार पुकारला. बटाटा हे गरिबाचे स्वस्त, पोटभरीचे अन्न. ज्यांच्या ताटात दुसरे फारसे काही नव्हते, त्यांनीच ते सोडले आणि बाजारात बटाट्याच्या गोण्या पडून राहिल्या. हा बहिष्कार आणि न्यायालयापुढे आलेली मजुरांची प्रतिज्ञापत्रे यांमुळे सरकारला पकडलेल्यांना शेतांवर पाठवण्याची ती योजना त्याच वर्षी थांबवावी लागली. बहिष्काराचे हे हत्यार नवे नव्हते. त्याआधी १९५७ मध्ये जोहान्सबर्गजवळच्या अलेक्झांड्रा या वस्तीतील आफ्रिकी रहिवाशांनी बसचे भाडे चार पेन्सवरून पाच पेन्स झाले म्हणून बसवर बहिष्कार टाकला आणि रोज जाऊन-येऊन वीसेक मैल पायपीट करत कित्येक आठवडे काढले. एका पेनीसाठी एवढे कशाला, असे विचारणाऱ्याने त्यांची मजुरी पाहावी.

९ ऑगस्ट हा आपल्याकडे क्रांतिदिन. १९५६ साली याच तारखेला सुमारे वीस हजार स्त्रिया प्रिटोरियाच्या युनियन बिल्डिंग्ज या सरकारी मुख्यालयापाशी जमल्या. पास आता स्त्रियांनाही लागू होणार होता. आईला रस्त्यात अटक झाली तर घरातल्या तान्ह्या मुलाचे काय, हा त्यांचा रोकडा प्रश्न होता. वार गुरुवार निवडला, कारण घरकाम करणाऱ्या बायकांची सुटी त्या दिवशी असे. मिरवणुकीला बंदी होती, म्हणून दोघी-तिघींच्या गटाने चालत गेल्या. लिलियन न्गोयी, हेलन जोसेफ, सोफिया विल्यम्स आणि भारतीय वंशाच्या रहिमा मूसा पुढे होत्या. पंतप्रधान स्ट्रायडॉम भेटलेच नाहीत. सह्यांच्या अर्जांचे गठ्ठे त्यांच्या कचेरीत ठेवून सगळ्या जणी अर्धा तास निःशब्द उभ्या राहिल्या. पास तरीही आला. १९६३ पासून स्त्रियांनाही तो सक्तीचा झाला.

२१ मार्च १९६० चा शार्पव्हिल या वस्तीतला पोलिसांचा गोळीबार पुष्कळांना माहीत असतो. त्यात ६९ माणसे मेली. पण ती माणसे पास घरी ठेवून ‘आम्हाला अटक करा’ म्हणत पोलीस ठाण्यावर गेली होती, हे लेखांत क्वचितच येते. तुरुंग भरून टाकायचे आणि कामे ठप्प करायची, असा रॉबर्ट सोबुक्वे यांच्या पॅन आफ्रिकनिस्ट काँग्रेसचा बेत होता. पाठोपाठ आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष आल्बर्ट लुथुली यांनी स्वतःचा पास जाळला. गांधीजींनी १९०८ मध्ये जोहान्सबर्गच्या हमिदिया मशिदीपाशी नोंदणी दाखल्यांची होळी केली, त्याच ट्रान्सवाल प्रांतातली ही गोष्ट. सरकारने काही दिवस पासच्या अटका थांबवल्या, मग पुन्हा सुरू केल्या. पासचे कायदे गेले ते १९८६ साली.

येत्या ९ ऑगस्टला क्रांतिदिनाच्या मजकुराशेजारी प्रिटोरियाच्या त्या मोर्चालाही अर्धे पान द्यावे, ही विनंती.

– एक इतिहास शिक्षक, सातारा