सीएमसीचे पुढे काय झाले

हैदराबाद

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलेत की आमच्या रेल्वेच्या आरक्षण कार्यालयात संगणक घेऊन आलेल्या त्या सीएमसी कंपनीचे पुढे काय झाले. आणि आई, तू लगेच विचारलेस की सरकारची स्वतःची कंपनी होती, तर ती विकावी का लागली. दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत आणि फोनवर घाईघाईत सांगण्याजोगे नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते. शिवाय मी आज जे काम करते, म्हणजे सरकारी खात्यांचे कामकाज आधी समजून घेणे आणि मग ते संगणकावर आणून देणे, ते आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर कसे करावे हे या कंपनीने दाखवून दिले असे मी मानते. त्यामुळे हा विषय माझ्याही जिव्हाळ्याचा आहे.

कंपनीचे मूळ नावच तिचे मूळ काम सांगते. डिसेंबर १९७५ मध्ये केंद्र सरकारने ‘कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन’ स्थापन केली ती संगणक बनवण्यासाठी नव्हे, तर दुरुस्त करण्यासाठी आणि चालू ठेवण्यासाठी. त्या काळी देशातले बरेचसे संगणक आयबीएम या अमेरिकन कंपनीचे होते. ती ते भाड्याने देई, देखभाल तिचीच माणसे करीत, आणि परदेशात जुनी झालेली यंत्रे इथे आणून खपवली जातात अशी तक्रार सरकारी वर्तुळात वारंवार होत असे. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने, म्हणजे ज्याला सगळे ‘फेरा’ म्हणत त्याने, परदेशी कंपन्यांना भारतातील आपली मालकी चाळीस टक्क्यांवर आणण्याचे बंधन घातले. आयबीएमला ते मान्य नव्हते. १९७७ मध्ये जनता सरकार आले आणि उद्योगमंत्री झाले जॉर्ज फर्नांडिस, ज्यांचा एक शब्द मुंबई बंद करायला पुरेसा होता हे तुम्हा दोघांना मी सांगायला नको. कोका-कोला गेली, आणि १९७८ मध्ये आयबीएमनेही गाशा गुंडाळला.

त्या घटनेची आठवण लोक कोका-कोलामुळे काढतात, पण खरी अडचण दुसरीकडे होती. पेय बाजारातून नाहीसे झाले तर कोणाचे काही अडत नाही. रेल्वेच्या, तेल कंपन्यांच्या आणि संशोधन संस्थांच्या हिशेबाची यंत्रे बंद पडली असती, तर पगारपत्रकांपासून मालवाहतुकीच्या हिशेबापर्यंत सारेच थांबले असते. ती यंत्रे चालू ठेवण्याची जबाबदारी या नव्या सरकारी कंपनीवर आली. आयबीएममधले अनेक भारतीय अभियंते तिच्यात दाखल झाले. सुटे भाग मिळण्याची मारामार असताना त्यांनी ती जुनी यंत्रे पुढे कित्येक वर्षे चालवली. यंत्र नेमके कुठे बिघडते, आणि बिघडल्यावर त्या कार्यालयातले कोणते काम अडते, हे दोन्ही ज्याला पाहावे लागते, तो माणूस हळूहळू त्या कार्यालयाचा जाणकार होतो. सीएमसीच्या पुढच्या वाढीचे मूळ मला इथे दिसते. ही माणसे देशभरच्या कार्यालयांच्या मागच्या खोल्यांत वावरली होती.

संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने कंपनीने ‘इंटरॅक्ट’ नावाचा प्रकल्प हाती घेतला. वीजवितरण, रेल्वेची मालवाहतूक आणि हवामान या क्षेत्रांत, घटना घडत असतानाच तिची नोंद घेऊन निर्णयाला मदत करणाऱ्या प्रणाली कशा उभ्या करायच्या, हे कंपनीचे लोक त्यात शिकले. रात्री एकदा पगाराचा हिशेब छापून देणारा संगणक आणि खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाला त्याच क्षणी उत्तर देणारा संगणक, या दोहोंत फार मोठे अंतर आहे, आणि ते कापण्याची तयारी इथे झाली. १९८४ मध्ये कंपनीने आपले लांबलचक नाव सोडून ‘सीएमसी लिमिटेड’ एवढेच ठेवले, कारण देखभाल हा तोवर तिच्या कामाचा केवळ एक भाग उरला होता.

आता तुमच्या आरक्षणाकडे येते. बाबा, हा भाग तुम्हाला माझ्याहून चांगला ठाऊक आहे, पण आईसाठी लिहिते, कारण तू खिडकीच्या बाहेरच्या बाजूला होतीस. त्या वेळी प्रत्येक गाडीची, प्रत्येक तारखेची वेगळी नोंदवही असे आणि ती एका ठराविक खिडकीवरच असे. त्या खिडकीवर चार तास उभे राहिल्यावर गाडी भरल्याचे कळले, तर दुसऱ्या गाडीसाठी दुसऱ्या रांगेत पुन्हा शेवटी उभे राहायचे. परतीचे आरक्षण तारेने मागवावे लागे आणि उत्तर येईपर्यंत जीव टांगणीला. नोंदवहीत हाताने नाव लिहायचे, पुठ्ठ्याचे तिकीट खटक्याच्या यंत्रात दाबून त्यावर तारीख उमटवायची, आणि गाडी सुटण्याआधी त्याच नावांची यादी पुन्हा उतरवून डब्यावर चिकटवायला द्यायची. एकच शायिका दोघांना दिली गेली, तर भांडण डब्यात होई आणि चौकशी तुमच्या टेबलावर येई.

सीएमसीने यासाठी तयार केलेल्या प्रणालीचे नाव ‘इम्प्रेस’. १९८५ च्या अखेरीस नवी दिल्लीत तिची चाचणी सुरू झाली, १९८६ मध्ये ती रीतसर चालू झाली, आणि पुढच्या काही वर्षांत मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सिकंदराबाद इथे गेली. संगणक व्हॅक्स जातीचे होते आणि आज्ञावली फोरट्रान भाषेत लिहिलेली होती, जी मुळात शास्त्रीय आकडेमोडीसाठीची भाषा. आजच्या मुलांना यावर सहज विश्वास बसत नाही. पण खरी कसोटी भाषेची नव्हतीच. कोणत्याही खिडकीवर कोणतीही गाडी द्यायची म्हटले, की दोन खिडक्या एकाच क्षणी एकाच शायिकेवर हात ठेवणार हे ठरलेले. तेव्हा पहिल्याचा व्यवहार पुरा होईपर्यंत त्या गाडीची त्या तारखेची नोंद दुसऱ्यासाठी रोखून धरायची, पण इतका वेळ नाही की मागची सगळी रांग खोळंबेल. हे तंत्र आजही आम्ही नव्या मुलांना शिकवतो, आणि समजावून सांगताना मी नेहमी रेल्वेच्या शायिकेचेच उदाहरण घेते.

त्याहून कठीण होते ते नियम. महिलांचा कोटा, मुख्यालयाचा कोटा, मधल्या स्थानकांचा कोटा, संरक्षण दलांचा कोटा, पासधारक, सवलती, आर.ए.सी., प्रतीक्षा यादी, आणि तिकीट रद्द झाल्यावर मोकळी झालेली जागा नेमकी कोणाकडे सरकते त्याचा क्रम. यातले पुष्कळसे परिपत्रकांत होते, पण परिपत्रकाचा अर्थ लावायची रीत तुमच्या डोक्यांत होती. तुम्ही सांगत होतात की कंपनीची तरुण मुले वही घेऊन तुमच्या मागे स्टुलावर बसत, आणि ‘साहेब, हे असेच का?’ असे दिवसभर विचारत. सुरुवातीला तुम्हा सर्वांना आपल्या नोकरीची धास्ती होती, त्यामुळे कोणी मोकळेपणाने सांगत नसे; मग हळूहळू तुम्हीच त्यांच्या चुका दाखवू लागलात. बाबा, माझ्या क्षेत्रात आज यालाच सल्लागाराचे काम म्हणतात आणि त्याचे मोठे मोल आकारले जाते. त्या प्रणालीत तुमचे आणि तुमच्या सहकाऱ्यांचे ज्ञान आहे, ही गोष्ट कुठे लिहिलेली नसली तरी मला ती पक्की ठाऊक आहे.

‘इम्प्रेस’ची मर्यादाही सांगायला हवी. प्रत्येक शहराचा संगणक स्वतंत्र होता, त्यामुळे मुंबईत बसून दिल्लीहून परतीची शायिका मिळवणे संगणक आल्यावरही अवघडच राहिले. रेल्वेने १९८६ मध्येच ‘क्रिस’ ही स्वतःची संस्था उभारली होती. तिने ‘कॉन्सर्ट’ ही प्रणाली आणून पाचही मोठी केंद्रे जोडली आणि ते काम १९९९ मध्ये पुरे झाले. इंटरनेटवरची तिकीटविक्री त्यानंतर, २००२ मध्ये. रेल्वेने हे ज्ञान आपल्या घरात ठेवले, हा मला अतिशय शहाणपणाचा निर्णय वाटतो.

सीएमसीने त्या काळात आणखीही पुष्कळ केले. शहराशहरांतील संगणक जोडणारे ‘इंडोनेट’ जाळे, पोलिसांसाठी बोटांचे ठसे जुळवणारी प्रणाली, लंडनच्या भुयारी रेल्वेचे काम. मुंबईकरांना सर्वांत जवळचे म्हणजे १९९५ मध्ये दलाल स्ट्रीटवर सुरू झालेले ‘बोल्ट’. त्यामुळे शेअर बाजाराच्या रिंगणातील आरडाओरडा आणि हातवारे थांबले आणि व्यवहार पडद्यावर आले.

मग आई, तुझा प्रश्न. कंपनी तोट्यात बुडाली म्हणून विकली असे झालेले नाही. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर खासगी आणि परदेशी कंपन्या दुप्पट-तिप्पट पगार देऊ लागल्या, आणि सरकारी वेतनश्रेणीत बांधलेल्या कंपनीला आपले उत्तम अभियंते धरून ठेवणे जड जाऊ लागले. देखभालीची मक्तेदारीही राहिली नव्हती. १९९२ पासून सरकारने आपला हिस्सा थोडा थोडा काढायला सुरुवात केली, आणि ऑक्टोबर २००१ मध्ये, निर्गुंतवणुकीच्या त्या मोठ्या लाटेत, ५१ टक्के हिस्सा टाटा सन्सला १५२ कोटी रुपयांना दिला. उरलेला २६ टक्क्यांच्या आसपासचा हिस्सा २००४ मध्ये जनतेला विकला गेला. २०१५ मध्ये सीएमसी टाटांच्याच टीसीएस या कंपनीत विलीन झाली आणि ते नाव बाजारातून गेले.

टाटांकडे गेल्याने माणसांचे भले झाले, कामही वाढले, हे मी मनापासून मान्य करते. ज्या टीसीएसकडे पासपोर्ट सेवेचे काम आहे, तिच्याच पोटात आज सीएमसीचा वारसा आहे. तरी मला वाटते की सरकारने वेतनाचे नियम सैल करून ही कंपनी राखायला हवी होती. आज एखादे खाते निविदा काढते तेव्हा आपल्याला नेमके काय हवे हेच पुष्कळदा त्याला ठाऊक नसते. मग आमच्यासारखे बाहेरचे लोक जाऊन ते त्यालाच समजावून सांगतात, आणि करार संपला की ते ज्ञान घेऊन निघून येतात. पुढच्या वेळी ते खाते पुन्हा पहिल्यापासून विकत घेते. ‘क्रिस’मुळे रेल्वेवर ही वेळ फारशी येत नाही. इतर कित्येक खात्यांवर मी ती येताना जवळून पाहिली आहे, आणि ते पाहून वाईट वाटते.

बाबा, एक विनंती आहे. आमच्याकडे या वर्षी आलेल्या मुलांसाठी मी टिपणे तयार करते आहे आणि त्यात जुनी हाताने आरक्षण देण्याची पद्धत खरीखुरी मांडायची आहे. मधल्या स्थानकांचा कोटा नोंदवहीत वेगळ्या पानावर असे की त्याच पानावर खूण करून, त्या स्थानकाला रिकाम्या जागा केव्हा आणि कशा कळवत, आणि न वापरलेला कोटा गाडी सुटण्याआधी किती वेळ सर्वसाधारण यादीत वर्ग होई, एवढे सवडीने लिहून पाठवा. लिहायला हात दुखत असेल तर तुम्ही सांगा आणि आईला लिहू द्या; तिचे अक्षर मुलांनाही वाचता येईल.

तुमची,
मंजिरी