सत्कार आवरा, वाचनाला वेळ द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वाङ्मयीन नियतकालिकांच्या अभिवाचनाच्या बातम्या अलीकडे आपल्या पुरवणीत वरचेवर दिसतात, याचा आनंद आहे. पण त्या बातम्यांत अध्यक्षस्थानी कोण होते आणि कोणाला कोणता पुरस्कार मिळाला एवढेच असते. वाचले काय, ते कोणत्या अंकातले, याचा पत्ता लागत नाही. यात बातमीदाराचा दोष थोडा, आम्हा आयोजक मंडळींचा जास्त. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ, मनोगत एवढे उरकेपर्यंत पाऊण तास जातो आणि मग ‘वेळेअभावी’ कथा अर्धी कापली जाते. कापली जाते ती बहुधा नव्या लेखकाचीच.

वेळेचा हिशेब साधा आहे. ऐकणाऱ्याला नीट कळेल अशा बेताने मराठी गद्य वाचले तर मिनिटाला ११० ते १२० शब्द होतात. म्हणजे अडीच हजार शब्दांच्या कथेला बावीस मिनिटे लागतात. दीड तासात दोन कथा, मध्ये पाच-सहा कविता आणि शेवटी थोडी प्रश्नोत्तरे बसतात. तिसरी कथा बसत नाही. सत्काराला दहा मिनिटे पुरतात, आणि तो वाचनानंतर ठेवावा. आधी ठेवला की सत्कारमूर्तींचे आप्त फोटो काढून निघून जातात आणि रिकाम्या खुर्च्यांपुढे वाचायची वेळ येते.

वाचनाची प्रत वेगळी तयार करावी लागते, हे पुष्कळांच्या गावी नसते. दिवाळी अंकाची दोन स्तंभांतली बारीक छपाई उभ्याने वाचताना हमखास ओळ चुकवते. १६ पॉइंटचा टाइप, ओळींमध्ये दीडपट अंतर, कागदाच्या एकाच बाजूला छपाई आणि वाक्य पानाच्या शेवटी तुटणार नाही अशी मांडणी हवी. पानांना स्टेपल नको. उलटताना होणारी खसखस माइक पकडतो. वाचलेले पान नुसते बाजूला सरकवावे. मोबाइलवरून वाचणे टाळावे, कारण ऐन संवादात स्क्रीन काळी होते किंवा फोन येतो.

जुन्या अंकांतला मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर आणखी एक अडचण असते. युनिकोडमध्ये बदलताना रफार भलत्याच अक्षरावर जातो, ऱ्हस्व वेलांटी निसटते आणि ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते. ही प्रत मूळ अंकाशी ताडून, एकदा मोठ्याने वाचून तपासावी. जुन्या फॉन्टमधलीच प्रत लेखकाला पाठवायची तर ती पीडीएफ करूनच, नाहीतर त्याच्या संगणकावर फॉन्ट नसल्याने अगम्य चिन्हेच उमटतात. माइक तोंडासमोर न धरता वीतभर लांब आणि किंचित तिरका ठेवावा. ‘फ’, ‘भ’चे फटकारे कमी होतात.

कोणी वाचायचे, यावर आमचे मत ठाम आहे. मालवणी, अहिराणी किंवा वऱ्हाडी संवादांची कथा कमावलेल्या आवाजाच्या नटाकडे दिली की आवाज छान लागतो आणि बोलीचे हेल मात्र सपाट होतात. लेखकाला वाचायचा सराव नसेल तर सुरुवातीचे पान त्याने वाचावे आणि पुढचे त्याच मुलखातल्या वाचकाने.

परवानगीचा मुद्दा तर सर्रास विसरला जातो. कॉपीराइट कायद्याने प्रसिद्ध साहित्यकृतीतला वाजवी उतारा जाहीरपणे वाचायला मुभा दिली आहे. अख्खी कथा म्हणजे उतारा नव्हे. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे हक्क वारसांकडे असतात. कार्यक्रमाचे चित्रण यूट्यूबवर टाकायचे तर तेही परवानगीत स्पष्ट लिहून घ्यावे.

आता आम्हा नियतकालिकांतल्या ‘आमच्या लेखकांचे यश’ या सदराविषयी. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०२४ मध्ये तुळजापूरच्या देवीदास सौदागर यांना आणि २०२५ मध्ये प्रदीप कोकरे यांना मिळाला. असे नाव जाहीर झाले की त्या लेखकाची एखादी ओळ छापलेले प्रत्येक नियतकालिक पुढे सरसावते. पण पुरस्कार पुस्तकाला असतो. अकादमीच्या मुख्य पुरस्कारासाठी लगतचे वर्ष सोडून त्याआधीच्या पाच वर्षांतली पुस्तके विचारात घेतात. अंकातली कथा संग्रहात जायला लागणारा काळ त्यात मिळवला तर अंक आणि पुरस्कार यांत सात-आठ वर्षांचे अंतर सहज पडते, आणि तोवर अंकाची आठवण कोणाला राहत नाही. म्हणून मोघम अभिनंदनाऐवजी कथेचे नाव, अंक, वर्ष आणि पृष्ठ छापावे. बारा कथांच्या संग्रहातली एकच आपल्याकडे आली असेल तर तेवढेच म्हणावे. त्यासाठी दरवर्षी शेवटच्या अंकात लेखकवार सूची द्यायला हवी. दोन पानांचे काम आहे, जाहिरात मिळाली की पहिली कात्री त्यालाच लागते. संग्रहात पूर्वप्रसिद्धीचा उल्लेख असावा, ही विनंती स्वीकृतीच्या पत्रातच घालावी. पुस्तक छापायला गेल्यावर आठवण करून उपयोग होत नाही.

आपल्याकडून एक अपेक्षा आहे. ‘आजचे कार्यक्रम’साठी अभिवाचनाची सूचना आली की त्यात कथा कोणती, कोणत्या अंकातली, वाचणार कोण आणि वाचन प्रत्यक्ष किती वाजता सुरू होणार, हे नसेल तर ती परत पाठवावी. सहाच्या कार्यक्रमात कथेची पहिली ओळ सात वाजता ऐकू येणार असेल, तर शेवटची एसटी गाठणाऱ्या श्रोत्याला ते घरून निघण्याआधी कळलेले बरे.

आपले,
एका त्रैमासिकाच्या संपादन मंडळातील दोघे, सांगली