निर्बंध उठवण्याचे कसब

महोदय,

इराणवरील निर्बंधांची चर्चा बहुधा नेत्यांच्या घोषणांपुरतीच राहते. ते निर्बंध लिहिणारे, त्यांच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणारे आणि पुढे त्याच विषयावर वाटाघाटींना बसणारे अधिकारी मात्र नजरेआड राहतात. या कामाला कायदा, बँकिंग, तेलव्यापार आणि अणुविज्ञान यांची एकत्र जाण लागते. इराणच्या अणुकार्यक्रमाला मर्यादा घालण्यासाठी अमेरिकेसह प्रमुख देशांनी इराणशी केलेल्या जुलै 2015 च्या व्हिएन्ना करारात युरेनियमचे समृद्धीकरण (म्हणजे त्यातील अणुइंधनाला उपयोगी घटकाचे प्रमाण वाढवणे) 3.67 टक्क्यांवर आणि त्याचा साठा 300 किलोंवर रोखताना, त्या बदल्यात कोणते निर्बंध कोणत्या टप्प्यावर उठतील हेही कलमवार ठरवावे लागले. माझ्या मते निर्बंध लादण्यापेक्षा ते खऱ्या अर्थाने उठवणे अधिक अवघड आहे, कारण कागदावर बंदी उठली तरी दंडाच्या धास्तीने बँका व्यवहाराला धजावत नाहीत. औषधांना तर मुळातच सूट असते, तरी त्यांचेही पैसे अडकून पडतात. मे 2018 मध्ये अमेरिकेने करारातून माघार घेतली आणि 2021 मध्ये इराणचे समृद्धीकरण 60 टक्क्यांपर्यंत पोहोचले. आंतरराष्ट्रीय संबंधांचा अभ्यास करणाऱ्या तरुणांना या क्षेत्राची ओळख होईल असे लेखन आपण सातत्याने प्रसिद्ध करावे, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक वाचक