‘पास’चा स्टिकर लावणाऱ्याला आधी शिकवा: कामगारमंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगारमंत्री यांस,

स. न. वि. वि.

कामाच्या ठिकाणची विजेची उपकरणे वेळोवेळी तपासली जावीत, याबद्दल कुणाचेच दुमत नाही. ती तपासणाऱ्याला काय यायला हवे, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. मी हे काम करतो आणि शिकवतोही. माझी मागणी एकच आहे: तपासणीच्या नियमातच तपासणाऱ्याच्या प्रशिक्षणाची अट घाला.

धातूची बॉडी असलेले एखादे ड्रिल मशीन घ्या. प्लगमधली हिरवी-पिवळी अर्थिंगची वायर स्क्रूतून निसटली, तरी मशीन पूर्वीसारखेच चालते. ना आवाज बदलतो, ना वेग. पुढे कधीतरी आतल्या फेजच्या वायरचे आवरण घासले जाते, ती बॉडीला टेकते आणि मशीन धरलेल्या माणसातून करंट जमिनीकडे जातो. फ्यूज त्याला वाचवत नाही. तो उडायला काही अँपिअर लागतात. माणसाच्या छातीतून ५० मिलिअँपिअर सेकंदभर गेले तरी हृदयाची लय बिघडू शकते. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळू लागताच वीज तोडणारा स्विच) बहुतेक वेळा जीव वाचवते, पण ती बसवलेली आणि चालू स्थितीत असेल तरच.

हा दोष सापडतो, पण शोधणाऱ्याला रीत माहीत हवी. मल्टिमीटरची बीप ऐकून अर्थिंग ठीक आहे असे मानणारे पुष्कळ आहेत. वायरीतली एकच बारीक तार शिल्लक असली तरी बीप वाजते! योग्य टेस्टरने रेझिस्टन्सचा आकडा बघायचा असतो, तोही केबल हलवत. मर्यादा साधारण ०.१ ओहम आणि वर केबलचा स्वतःचा रेझिस्टन्स. इन्सुलेशनची, म्हणजे वायरीवरच्या आवरणाची, चाचणी ५०० व्होल्ट डीसीवर घेताना मशीनचा स्विच बंद राहिला, तर आकडा झकास येतो, पण तपासलेली असते फक्त केबल. आत रिले (वीज मिळाली तरच जोडला जाणारा स्विच) असेल तर ही चाचणी त्याच्या पलीकडे पोहोचत नाही. तिथे मशीन चालू ठेवून गळतीचा करंट मोजावा लागतो. हे ज्याला कुणी शिकवलेच नाही, तो प्रामाणिकपणे काम करूनही धोकादायक मशीनवर ‘पास’चा स्टिकर लावतो, आणि त्या स्टिकरवर विसंबून दुसरा कुणी ते हातात घेतो. याचा मला फार त्रास होतो.

व्याख्यान ऐकून हे येत नाही. मुद्दाम दोष घातलेली उपकरणे शिकणाऱ्यांच्या हातात द्यावी लागतात, आणि परीक्षाही त्याच उपकरणांवर व्हायला हवी. हजेरीवर प्रमाणपत्र देणे बंद करा.

रोज मशीन वापरणाऱ्यालाही थोडे शिकवायला हवे. बरेचसे दोष टेस्टरशिवाय, नुसत्या डोळ्यांना दिसतात: प्लगपाशी बाहेर डोकावणाऱ्या रंगीत वायरी, काळवंडलेली पिन, केबलला गुंडाळलेली टेप. असे काही दिसले की मशीन बाजूला ठेवण्याचा अधिकार त्या कामगाराला लेखी मिळावा. नाहीतर काम अडेल म्हणून तो गप्प बसतो.

ब्रिटनमधल्या १९८९च्या नियमांत उपकरणे दरवर्षी तपासा असे कुठेही म्हटलेले नाही. ती धोका होणार नाही अशा स्थितीत ठेवा, आणि जिथे धोका आहे तिथले काम पुरेसे ज्ञान किंवा अनुभव असलेल्या माणसालाच द्या, असे ते नियम सांगतात. मला हीच दिशा योग्य वाटते. बांधकामावरचा ग्राइंडर रोज आपटला जातो, टेबलावरचा संगणक वर्षानुवर्षे जागचा हलत नाही. दोघांना एकच मुदत लावण्यात अर्थ नाही.

नोंदवहीत नुसते ‘पास’ न लिहिता प्रत्यक्ष आकडे आणि तपासणाऱ्याचे नाव लिहिणे सक्तीचे करावे. आकडे असले की मागच्या तपासणीशी ताडून बघता येते. नियमांचा मसुदा करताना, हातात टेस्टर घेऊन काम करणाऱ्या तंत्रज्ञांनाही चर्चेला बोलवावे, ही विनंती.

आपला,
उपकरणे तपासणारा एक तंत्रज्ञ